पी-ईआरके उतरला, पण पेशी थांबल्या का? सेल लाइनमध्ये औषधाच्या प्रतिसादाचा प्रोटीन मार्कर शोधताना

रात्री साडेदहाला फोनवर ब्लॉटचा, म्हणजे प्रोटीनचे बँड दाखवणाऱ्या पडद्याचा, फोटो येतो. खाली एकच ओळ: "पी-ईआरके पूर्ण गेला, म्हणजे ही लाइन सेन्सिटिव्ह ना?" पी-ईआरके म्हणजे पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या ईआरके या प्रोटीनचं फॉस्फेट चढलेलं, सक्रिय रूप; लाइन म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींचा वंश; आणि सेन्सिटिव्ह म्हणजे औषधाला बळी पडणारी. हा प्रश्न इतक्या विद्यार्थ्यांनी विचारला आहे की उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतो. उत्तर आहे, नाही, तेवढ्यावरून नाही. पी-ईआरके उतरला याचा अर्थ औषध आपल्या लक्ष्यापर्यंत पोहोचलं. त्यानंतर पेशी मरणार, नुसती थांबणार की दुसरी वाट काढून वाढत राहणार, हे त्या बँडवरून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या वेळी, वेगळ्या प्रोटीनकडे बघावं लागतं. आणि कशाआधी काय करायचं हा क्रमच बहुतेक वेळा चुकतो.

सगळीकडे एकच औषध धरतो, वेम्युराफेनिब. हे बीआरएएफचं (ईआरकेच्या मार्गातल्या वरच्या कायनेजचं, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमचं) व्ही६००ई हे उत्परिवर्तित रूप रोखतं. सोबत चार सेल लाइन: ए३७५ आणि एसके-मेल-२८ (दोन्ही मेलानोमा, दोन्हींत व्ही६००ई), एचटी-२९ (मोठ्या आतड्याचा कर्करोग, व्ही६००ई) आणि एचसीटी११६ (आतड्याचाच, पण बीआरएएफ साधं आणि त्याच्या वरच्या केआरएएसमध्ये जी१३डी उत्परिवर्तन). तुमचं औषध दुसरं असेल तर नावं बदला, क्रम बदलू नका.

## टप्पा १: कोणता मार्कर हवा आहे ते आधी लिहा

'बायोमार्कर' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घुसडतो.

पहिली, औषध देण्याआधीची खूण. पेशीत काय जास्त आहे, काय कमी आहे, यावरून प्रतिसाद आधीच सांगता येतो का? दुसरी, औषध लक्ष्यावर पोहोचल्याची खूण. ही तास-दोन तासांत दिसते. तिसरी, परिणामाची खूण. २४ तासांनंतर मार्ग खरोखर बंद राहिला का, पेशीचक्र थांबलं का, पेशी मरणाच्या वाटेला लागली का?

तिन्हींसाठी प्रयोगाची मांडणी वेगळी लागते. पहिलीला पुष्कळ सेल लाइन लागतात, पण प्रोटीन मोजताना औषध द्यावं लागत नाही. दुसरीला एक-दोन लाइन आणि लहान वेळा पुरतात. तिसरीला किमान दोन सेन्सिटिव्ह आणि दोन रेझिस्टंट लाइन, आणि लांब वेळा. फोटो पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसरीचा प्रयोग करून पहिलीचा निष्कर्ष काढलेला असतो.

तपासा: वहीत एक वाक्य लिहा. "अमुक प्रोटीन, औषधानंतर इतक्या तासांनी, इतकं बदललं तर ही लाइन ७२ तासांच्या चाचणीत सेन्सिटिव्ह निघेल." हे वाक्य पूर्ण करता येत नसेल तर अजून पिपेट हातात घेऊ नका.

## टप्पा २: सेल लाइन खरी आणि निरोगी आहे का

शेजारच्या लॅबमधून मैत्रीखातर आलेली कुपी हे आपल्याकडच्या अर्ध्या घोटाळ्यांचं मूळ आहे. एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची लाइन म्हणून वापरली गेली. ती प्रत्यक्षात एम१४ ही मेलानोमाची लाइन आहे आणि तिच्यात बीआरएएफ व्ही६००ई आहे. म्हणजे 'स्तनाची लाइन वेम्युराफेनिबला सेन्सिटिव्ह' असा शोध कुणालाही लागू शकतो, आणि तो खोटा असेल.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. डब्ल्यूआयडीआर ही लाइन म्हणजे एचटी-२९च. या दोघींवर प्रयोग करून "दोन स्वतंत्र लाइनमध्ये हेच दिसलं" असं लिहिलं तर तो एकाच रुग्णाचा पुरावा दोनदा मोजल्यासारखा होतो. तशीच एनसीआय/एडीआर-आरईएस म्हणजे ओव्हीकार-८.

कुपी शक्यतो अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. आपल्याकडे पुण्याच्या एनसीसीएसमध्ये (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरी आहे. एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून लाइनची ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या आणि सेल्लोसॉरस या मुक्त डेटाबेसमधल्या प्रोफाइलशी पडताळा. मग सुरुवातीलाच पुरेशा कुप्या गोठवून ठेवा आणि सगळे प्रयोग ठरावीक पासाजच्या (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्यांच्या) आत संपवा.

मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर दर महिन्याला. तो मीडिया (पेशी वाढवायचा द्राव) गढूळ करत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, आणि पेशींची वाढ, चयापचय, सिग्नलिंग सगळं हलवतो. "माझ्या पेशी छान दिसतात" या वाक्याला इथे काही किंमत नाही.

सावधान: निकाल यायच्या आधी प्रयोग सुरू करून "नंतर बघू" असं म्हणू नका. पॉझिटिव्ह निघाला तर आधीचे सगळे ब्लॉट टाकून द्यावे लागतात, आणि ते टाकायला कुणाचाच हात धजावत नाही.

## टप्पा ३: औषधाचा स्टॉक

डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर स्टॉक करा, लहान भाग करून उणे २० ला ठेवा, एक भाग एकदाच वापरा. डीएमएसओ हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे महिनाभर उघड-बंद केलेली बाटली नको.

सौम्यीकरण मीडियात करत जाऊ नका, डीएमएसओमध्येच करा. वरचा डोस १० मायक्रोमोलर हवा असेल तर १० मिलिमोलरपासून तिपटीने उतरत नऊ पायऱ्या करा. मग प्रत्येक पायरीतले २ मायक्रोलिटर १९८ मायक्रोलिटर मीडियात घाला. हे झालं दहापट द्रावण. त्यातले १० मायक्रोलिटर वेलमधल्या (प्लेटच्या खळग्यातल्या) ९० मायक्रोलिटरवर. असं केलं की प्रत्येक वेलमध्ये, कंट्रोलमध्येसुद्धा, डीएमएसओ बरोबर ०.१ टक्का राहतो. मीडियात सौम्यीकरण करणाऱ्यांच्या वरच्या डोसमध्ये डीएमएसओही सर्वांत जास्त असतो, आणि मग मारलं कुणी, औषधाने की डीएमएसओने, हे सांगता येत नाही.

तपासा: सर्वांत तीव्र दहापट द्रावणाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. वेम्युराफेनिब पाण्यात फारसं विरघळत नाही. सुईसारखे स्फटिक दिसले तर वरचा डोस खाली आणा.

## टप्पा ४: आधी प्रतिसाद मोजा, ब्लॉट नंतर

बहुतेक जण याच्या उलट करतात. आधी ब्लॉट, मग सवडीने व्हायबिलिटी (किती पेशी जिवंत उरल्या याची मोजणी). पण कोणती लाइन कोणत्या डोसला झुकते हे माहीत नसताना ब्लॉटसाठी डोस ठरवणार कशावरून? "पेपरमध्ये १० मायक्रोमोलर होता" म्हणून १० टाकला जातो, आणि त्या डोसला औषध आपल्या लक्ष्याबरोबर इतर चार कायनेजही रोखत असतं. ए३७५ एक मायक्रोमोलरच्या बऱ्याच खाली झुकते, तिला १० देण्याचं काही कारण नाही.

१. पेरणीची घनता शोधा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये ५००, १०००, २००० आणि ४००० पेशी पेरून चार दिवस बघा. शेवटच्या दिवशी कंट्रोल वेल ८० टक्क्यांच्या वर भरलेली नको. ए३७५ भराभर वाढते, एसके-मेल-२८ संथ आहे. दोघींना एकच आकडा चालणार नाही.

२. पेरल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये ढकलू नका. वीस-तीस मिनिटं खोलीच्या तापमानाला सपाट ठेवा, म्हणजे पेशी कडेला गोळा न होता सारख्या बसतात. कडेच्या वेलमध्ये पेशी न घालता पीबीएस (क्षारांचं साधं बफर) भरा, तिथलं पाणी आधी उडतं.

३. दुसऱ्या दिवशी औषध. त्याच वेळी एक जादा प्लेट मोजून टाका. ही 'शून्य वेळेची' प्लेट. ही विसरली तर पुढचं गणित होत नाही.

४. ७२ तासांनी मोजा. एमटीटी (रंगावरून मोजणारी चाचणी) स्वस्त आहे, पण तो पेशी मोजत नाही, पेशींचं चयापचय मोजतो. बीआरएएफ रोखल्यावर काही मेलानोमा पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रियाचं काम वाढतं. अशा वेळी पेशी कमी आणि रंग जास्त असं होऊ शकतं. एटीपीवर आधारित चाचणीही शेवटी चयापचयाचीच. म्हणून कोणतीही वापरा, पण प्रत्येक लाइनमध्ये एकदा केंद्रकं रंगवून प्रत्यक्ष मोजणीशी ताळा घ्या.

आता गणित. दोन लाइन घ्या. दोन्हींत सुरुवातीला १००० पेशी. पहिली २४ तासांत दुप्पट होते, म्हणून ७२ तासांनी कंट्रोलमध्ये ८०००. औषध दिलेल्या वेलमध्ये ४०००. व्हायबिलिटी ५० टक्के. दुसरी संथ, ७२ तासांत एकदाच दुप्पट होते, कंट्रोलमध्ये २०००, औषधात १०००. व्हायबिलिटी पुन्हा ५० टक्केच. पण पहिलीतल्या पेशी औषधातही दोनदा दुप्पट झाल्या, आणि दुसरी जागची हललीच नाही! आकडा एक, जीवशास्त्र अगदी वेगळं.

यासाठी वाढीच्या दरावर आधारलेलं जीआर मूल्य काढा. औषधातल्या दुपटीचे फेरे भागिले कंट्रोलमधले फेरे, हा घातांक २ ला द्या आणि उत्तरातून १ वजा करा. पहिल्या लाइनला दोन तृतीयांश, म्हणजे जीआर सुमारे ०.५९. दुसरीला शून्य. एक म्हणजे काही परिणाम नाही, शून्य म्हणजे वाढ पूर्ण ठप्प, उणे म्हणजे पेशी मरत आहेत. हे न करता मार्कर शोधायला बसलात तर औषधाचा मार्कर हाती लागत नाही, पेशी भराभर वाढण्याचा मार्कर लागतो. मी पाहिलेल्या चुकांमध्ये ही सर्वांत महागडी, कारण ती ब्लॉटवर दिसत नाही.

तपासा: तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पासाजवर तीन वेळा. एकाच दिवशीच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

## टप्पा ५: लायसेटचा दिवस

लायसेट म्हणजे पेशी फोडून काढलेला प्रोटीनचा द्राव. सर्वांत जास्त जागा या टप्प्याला देतो, कारण इथे गेलेलं पुढे कशानेही परत येत नाही. फॉस्फेटचा गट प्रोटीनवर चढतो आणि उतरतो तो मिनिटांत. आपण पेशींशी जे काही करतो ते त्यांच्या सिग्नलिंगमध्ये उमटतं.

पहिल्या वर्षी मी पेशी ट्रिप्सिनने सोडवायचो, सेंट्रिफ्यूज करायचो, पेलेट धुवायचो आणि मग लायसिस. पी-एकेटी (पेशीला जगण्याचा निरोप देणाऱ्या एकेटी या कायनेजचं सक्रिय रूप) प्रत्येक वेळी वेगळा यायचा. तीन महिने मी अँटिबॉडीला दोष देत होतो. प्रत्यक्षात पेशी आधारापासून सुटून अर्धा तास नळीत तरंगत होत्या, आणि मी त्या सुटण्याचा परिणाम मोजत होतो. चिकटून वाढणाऱ्या पेशी प्लेटवरच फोडायच्या, ट्रिप्सिन नाही.

आदल्या दिवशीची तयारी:

व्हॅनेडेटचा स्टॉक (२०० मिलिमोलर) 'सक्रिय' केलेला हवा. पीएच १० ला आणा. द्राव पिवळसर दिसेल. उकळा, तो पाण्यासारखा स्वच्छ होतो. गार करून पीएच पुन्हा १० ला आणा, पिवळेपणा परतला तर पुन्हा उकळा. स्वच्छ राहून पीएच स्थिर झाला की भाग करून गोठवा. पिवळा द्राव तसाच वापरला तर टायरोसिन फॉस्फेटेज नीट रोखले जात नाहीत. व्हॅनेडेट फक्त टायरोसिनची बाजू सांभाळतं. सेरिन-थ्रिओनिनसाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवेतच. ईडीटीए आणि डीटीटी व्हॅनेडेटला निकामी करतात, तेव्हा बफरची पाककृती डोळे झाकून उतरवू नका. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, ते शेवटच्या क्षणी घाला.

पहिलं औषध द्यायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या प्लेटचा मीडिया बदलून ठेवा. हे आदल्या संध्याकाळीच का? ताज्या मीडियातलं सिरम ईआरकेची लाट उठवतं. औषध ताज्या मीडियात मिसळून दिलंत तर पहिल्या तासाभरात औषधाचा आणि सिरमचा परिणाम एकमेकांत मिसळतो. म्हणून औषध दहापट द्रावण करून जुन्याच मीडियात घाला. कंट्रोल वेलमध्ये डीएमएसओ अगदी तसंच, तेवढ्याच हाताने.

वेळा: १, ६, २४ आणि ४८ तास. प्रत्येक वेळेला स्वतःचा डीएमएसओ कंट्रोल. पेशींची गर्दी वाढली की एकेटी आणि ईआरके आपोआप बदलतात. शून्य तासाचा एकच कंट्रोल सगळ्यांना लावला तर गर्दीचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होतो. डोस टप्पा ४ वरून ठरवा: एक वाढ अर्धी करणारा, एक त्याच्या तिप्पट. वेळ गाठण्यासाठी औषध उलट क्रमाने द्या, ४८ तासांच्या वेलला सर्वांत आधी, म्हणजे सगळ्या प्लेट एकाच वेळी फोडता येतात.

प्रत्यक्ष काम:

१. बर्फाच्या ट्रेमध्ये धातूची सपाट पट्टी आधीच थंड करून ठेवा. बर्फाच्या खड्यांवर तिरकी बसलेली प्लेट एका बाजूनेच थंड होते.

२. इन्क्युबेटरमधून एका वेळी एकच प्लेट. सगळ्या एकदम काढून रांगेत मांडल्या तर शेवटची पंधरा मिनिटं थंडीत उभी राहते.

३. मीडिया ओढून घ्या, व्हॅनेडेट घातलेल्या बर्फगार पीबीएसने एकदा धुवा, प्लेट तिरपी धरून उरलासुरला थेंबही ओढा. इथे राहिलेलं पीबीएस म्हणजे पातळ लायसेट.

४. सहा वेलच्या प्लेटला प्रत्येक वेलमध्ये १०० ते १५० मायक्रोलिटर लायसिस बफर. खरवडा, थंड नळीत घ्या, २० मिनिटं बर्फावर, मग ४ अंशांना १४,००० जी वर १५ मिनिटं.

५. वरचा द्राव लगेच तीन-चार भागांत करून उणे ८० ला.

सावधान: तिसऱ्या पायरीत तुम्ही तरंगणाऱ्या पेशी फेकल्या. पी-ईआरकेसाठी ते ठीक. पण क्लीव्ह्ड पार्प किंवा कॅस्पेज (पेशी मरणाला लागल्याच्या खुणा) बघायचं असेल तर मेलेल्या पेशी नेमक्या त्या मीडियातच होत्या. त्यासाठी वेगळी वेल ठेवा, मीडियातल्या पेशी सेंट्रिफ्यूज करून त्याच वेलच्या लायसेटमध्ये मिळवा. "औषधाने अपॉप्टोसिस होत नाही" असे काही निष्कर्ष सिंकमध्ये वाहून गेलेले असतात.

तपासा: बीसीए (प्रोटीन किती आहे ते मोजणारी) चाचणी सॅम्पल बफर घालण्याआधी. डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल त्यात गेलं की रंग खोटा येतो.

## टप्पा ६: ब्लॉट

इथे थोडक्यात, कारण बाकी प्रोटोकॉल तुमच्या लॅबमध्ये भिंतीवर असेलच.

नवीन अँटिबॉडी आली की आधी एकाच लायसेटचे ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम चालवा. बँडची तीव्रता दुपटीने वाढते तोवरच मोजणी खरी. ए३७५ मध्ये पी-ईआरके मुळातच भरपूर असतो. २० मायक्रोग्रॅमला बँड ठासून भरला तर ३० टक्के घट दिसणारच नाही.

फॉस्फो अँटिबॉडीसाठी मेम्ब्रेन झाकायला दुधाऐवजी टीबीएसटी बफरमध्ये ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. एचआरपी (बँड उजळवणारं एन्झाइम) जोडलेल्या अँटिबॉडीत सोडियम अझाइड घालू नका, एन्झाइम मरतं. फॉस्फो आणि टोटल शक्यतो दोन जेलवर, एकाच वेळी. स्ट्रिप केलेल्या मेम्ब्रेनवर किती प्रोटीन उरलं हे सांगता येत नाही.

लोडिंग कंट्रोलबद्दल: एकाच लाइनमधल्या वेळांची तुलना करताना व्हिन्क्युलिन चालेल. पण ए३७५ आणि एचटी-२९ शेजारी ठेवताना अ‍ॅक्टिन किंवा जीएपीडीएच मुळातच वेगवेगळं असतं, तिथे संपूर्ण प्रोटीनचा रंग वापरा. पॉन्सोचा (मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीन दाखवणाऱ्या रंगाचा) फोटो तर दर वेळी काढाच. शिवाय एक 'पुलाचं' सॅम्पल ठेवा: ए३७५ कंट्रोलचं मोठं लायसेट करून त्याचा एक भाग प्रत्येक जेलवर चालवा. दोन जेलमधले आकडे केवळ त्याच्या आधारे जोडता येतात.

## टप्पा ७: कोणता बँड काय सांगतो

'मार्ग बंद झाला की त्यातली सगळी फॉस्फो प्रोटीन उतरतात' असं धरून चालणं ही इथली मूळ चूक. पेशीत परतीचे धागे असतात. वरचा दाब सुटला की काही बँड उलट चढतात.

पीडी०३२५९०१ हा मेकचा (ईआरकेच्या लगेच वरच्या कायनेजचा) रोधक दिला की पी-ईआरके उतरतो, पण पी-मेक बऱ्याच लाइनमध्ये चढतो. इपाटासर्टिब किंवा कॅपिव्हासर्टिब एकेटीच्या एटीपीच्या खाचेत बसतात, आणि तेव्हा पी-एकेटी वाढलेला दिसतो, जरी एकेटी काम करत नसला तरी. तिथे एकेटी ज्यावर फॉस्फेट चढवतो त्या प्रास४० चा थ्रिओनिन २४६ बघा. एमके-२२०६ मात्र दुसऱ्या जागी बसतं, त्याने पी-एकेटीच उतरतो. म्हणजे एकाच लक्ष्यावरच्या दोन औषधांना एकच मार्कर लावता येत नाही. टीओआरसी१ या वाढ सांभाळणाऱ्या कायनेज-संचाचा रोधक असलेल्या रॅपामायसिनने पी-एस६ (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रणेतल्या एस६ चं फॉस्फेट चढलेलं रूप) उतरतो आणि अनेक लाइनमध्ये पी-एकेटी चढतो. नियम सोपा आहे: रोधक ज्या कायनेजवर बसतो त्याच्या एक पायरी खाली बघा, मग आणखी दोन पायऱ्या खाली.

आता आपल्या चार लाइन.

एचसीटी११६ मध्ये वेम्युराफेनिबने पी-ईआरके चढेल. चूक झाली म्हणून ब्लॉट फेकू नका. आरएएस सक्रिय आणि बीआरएएफ साधं असलेल्या पेशींत हा रोधक आरएएफच्या जोडीतल्या दुसऱ्या रेणूला चालना देतो. हे २०१० पासून पक्कं माहीत आहे. ही तुमची उत्तम कंट्रोल लाइन.

एचटी-२९ मध्ये पहिल्या तासाला पी-ईआरके उतरेल, ए३७५ सारखाच. इथेच रात्री साडेदहाचा फोटो निघतो. २४ तासांनी पुन्हा बघा, तो बराचसा परतलेला असेल. ईआरके बंद झाल्याने ईजीएफआरवरचा (पेशीच्या पृष्ठभागावरच्या, वाढीचा निरोप घेणाऱ्या ग्राहकावरचा) लगाम सुटतो आणि ईजीएफआर मार्ग पुन्हा उघडतो. हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. एका तासाच्या ब्लॉटवर ए३७५ आणि एचटी-२९ बहिणी दिसतात, २४ तासांच्या ब्लॉटवर नाही.

मेलानोमाच्या लाइनमध्ये आपसांत फरक करायचा असेल तर पी-ईआरकेसुद्धा अपुरा पडतो. व्ही६००ई असलेल्या काही रेझिस्टंट मेलानोमा लाइनमध्ये औषधाने पी-ईआरके उतरलेलाच राहतो आणि तरी पेशी वाढत राहतात. २०१३ मध्ये असं दिसून आलं की अशा ठिकाणी फरक पी-एस६ मध्ये पडतो: सेन्सिटिव्ह लाइनमध्ये तो उतरतो, रेझिस्टंटमध्ये टिकून राहतो. कारण एस६ पर्यंत ईआरकेशिवाय दुसऱ्या वाटांनीही टीओआरसी१ मार्फत पोहोचता येतं. पी-ईआरके एका वाटेची खबर देतो, पी-एस६ मध्ये अनेक वाटा एकत्र येतात. म्हणून माझ्या मते कोणत्याही पॅनेलमध्ये एक तरी असं 'संगमावरचं' प्रोटीन हवंच.

कामाचा छोटा संच: पी-मेक, पी-ईआरके, डीयूएसपी६ (ईआरके चालू असल्याची खूण), सायक्लिन डी१ (पेशीचक्राची), पी-एस६, बिम (पेशीला मरणाकडे ढकलणारं प्रोटीन) आणि क्लीव्ह्ड पार्प. बिमकडे बारकाईने बघा. ईआरके बंद झाला की बिम-ईएलचा (बिमच्या लांब रूपाचा) बँड गडद होतो आणि किंचित खाली सरकतो, कारण त्यावरचे फॉस्फेट गेलेले असतात. ही सरक स्पष्ट दिसली की कामाच्या दर्जाबद्दल मला भरवसा वाटतो.

तपासा: निष्कर्ष लिहिण्याआधी डोस-वेळ तक्त्यात जीआर मूल्याचा रकाना जोडा. जीआर आणि प्रोटीन एकाच ओळीत दिसल्याशिवाय 'मार्कर' हा शब्द वापरू नका.

## टप्पा ८: चार लाइनवरून शेकडो लाइनवर

चार लाइनमधून फक्त अंदाज मिळतो. तो तपासायला मोठा डेटा फुकट उपलब्ध आहे. डेपमॅप या संकेतस्थळावर सीसीएलई या सेल लाइनच्या संग्रहातल्या सुमारे ९०० लाइनचा आरपीपीए (अँटिबॉडींनी एकदम अनेक प्रोटीन मोजण्याच्या पद्धतीचा) डेटा आहे, दोनशेहून अधिक अँटिबॉडींचा. जीडीएससी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये शेकडो औषधांचे प्रतिसाद आहेत. लॅपटॉप पुरतो.

लक्षात ठेवा, हा आरपीपीए औषध न दिलेल्या पेशींचा आहे. टप्पा १ मधली पहिली खूण इथे तपासता येते, दुसरी-तिसरी नाही. पी-एस६ 'उतरतो का' हा प्रश्न या डेटाला विचारताच येत नाही.

प्रतिसादासाठी आयसी५० (परिणाम अर्ध्यावर आणणारा डोस) पेक्षा वक्राखालचं क्षेत्रफळ घ्या. रेझिस्टंट लाइनचा आयसी५० बहुधा तपासलेल्या डोसच्या पलीकडे असतो, म्हणजे तो मोजलेला नसतो, वक्र लांबवून काढलेला असतो.

सगळ्यांत मोठा सापळा ऊतीचा. सगळ्या लाइन एकत्र घेऊन वेम्युराफेनिबशी संबंध शोधा, मेलॅनोसाइटमध्ये आढळणारं कोणतंही प्रोटीन वर येईल. ते औषधाचा प्रतिसाद सांगत नसतं, 'ही मेलानोमाची लाइन आहे' एवढंच सांगत असतं, आणि मेलानोमात व्ही६००ई जास्त आढळतं. त्यामुळे विश्लेषण ऊतीच्या आत करा, किंवा ऊती आणि उत्परिवर्तन दोन्ही मॉडेलमध्ये घाला. त्यानंतरही जे प्रोटीन टिकेल तेच बोलण्याजोगं.

दोनशे अँटिबॉडी ०.०५ च्या कसोटीवर तपासल्या तर निव्वळ योगायोगाने दहाएक 'महत्त्वाच्या' निघतात. बेंजामिनी-होखबर्ग ही अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती करा. एकाच दात्याच्या लाइन एकच धरा. चाचणीसाठीचा गट मार्कर निवडण्याआधी बाजूला काढा. सगळ्या डेटावर प्रोटीन निवडून मग क्रॉस-व्हॅलिडेशन केलं तर ते तपासणं होत नाही, पेपर फोडून परीक्षा देण्यासारखं होतं.

सावधान: जीडीएससी आणि सीसीएलईचे औषधांचे आकडे एका तक्त्यात सरळ मिसळू नका. चाचण्या, डोस आणि वेळ वेगवेगळे आहेत, आणि २०१३ मध्येच दोन्हींतली तफावत दाखवली गेली आहे. एकात शोधा, दुसऱ्यात पडताळा. वेगवेगळ्या तुकडीतले आरपीपीए आकडेही तसेच: ते सापेक्ष असतात, प्रोटीनचं प्रत्यक्ष प्रमाण नव्हे.

## टप्पा ९: छेडून बघा

संबंध सापडला, आता तो कारण आहे की नुसती सोबत? एचटी-२९ मध्ये तपासणं सोपं आहे. चार वेल: डीएमएसओ, वेम्युराफेनिब, गेफिटिनिब (ईजीएफआरचा रोधक), दोन्ही औषधं. २४ तासांनी पी-ईआरके आणि ७२ तासांनी जीआर. ईजीएफआरमुळे पी-ईआरके परतत असेल तर दोन्ही मिळून तो खालीच राहील आणि वाढ अडेल. एकट्या गेफिटिनिबची वेल वगळू नका. तीच सांगते की परिणाम जोडीचा आहे, की दुसऱ्या औषधाने एकट्यानेच काम केलं. याच तर्कावर एन्कोराफेनिब (बीआरएएफचा रोधक) आणि सेटुक्सिमॅब (ईजीएफआरवरची अँटिबॉडी) ही जोडी २०२० मध्ये अमेरिकेत बीआरएएफ व्ही६००ई असलेल्या, पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाली.

औषधाऐवजी एसआयआरएनए (एखादा जीन गप्प करणारा छोटा आरएनए) वापरत असाल तर वेगवेगळ्या जागांवरचे दोन घ्या. एकाच एसआयआरएनएचा परिणाम भलत्याच जीनमुळे असू शकतो. आणि हे सगळं अशा एका लाइनमध्ये करा जी आतापर्यंत कुठेच वापरलेली नाही. मार्कर काय म्हणतो ते प्लेट मोजण्याआधी वहीत लिहा, तारीख घाला, सहकाऱ्याची सही घ्या.

प्रत्येक ब्लॉटच्या नोंदीत पासाज, सिरमचा लॉट, अँटिबॉडीचा लॉट, पेरणीची घनता आणि लायसिसची वेळ असू द्या. ज्या लाइनमध्ये मार्कर फसला तीही तक्त्यात त्याच अक्षरात ठेवा, पुरवणीत ढकलू नका. आणि उणे ८० मधल्या लायसेटचा एक भाग कधीच वापरू नका. परीक्षक सहा महिन्यांनी एखादं असं प्रोटीन मागतात ज्याचा तुम्ही विचारही केलेला नसतो, आणि तेव्हा त्याच दिवशीचं, त्याच पासाजचं लायसेट हाताशी लागतं.